लठ्ठपणा हा ज्याचा त्याचा दोष, की सरकारचीही जबाबदारी?

जबाबदारी दोघांची, पण मोठा वाटा धोरण ठरवणाऱ्यांचा.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २०१५-१६ला जादा वजनाच्या स्त्रिया २०.६ टक्के होत्या, २०१९-२१ला २४ टक्के. पुरुष १८.९वरून जवळपास २३वर गेले. चार-पाच वर्षांत एवढ्या माणसांचा जिभेवरचा ताबा एकदम सुटला, हे मला पटत नाही. बदललं ते आजूबाजूचं.

आमच्या रत्नागिरीकडे शाळेजवळचं दुकान बघा. दारातच पाच-पाच रुपयांच्या वेफर्सच्या माळा, त्याही मुलांच्या हाताला येतील अशा, आणि फ्रीजमध्ये रंगीत पेयं. घरी कुळथाची पिठी, नाचणीची भाकरी, तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं असलं, तरी मधल्या सुट्टीत हातात पाकीटच येतं. त्या पोराला संयम काय शिकवणार? खरं तर शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त मीठ, साखर, चरबीचे पदार्थ शाळकरी मुलांना विकायला २०२०च्या अन्नसुरक्षा नियमांनी बंदी आहे. ती पाळली जाते का, हे ग्रामसभेत विचाराच.

आपल्या हातातलंही आहे, नाही असं नाही. शेतात दिवसभर राबणाऱ्याचं भाताचं ताट दुचाकीवरून ऑफिसला जाणाऱ्याला झेपत नाही. मासे, सोलकढी सोडू नका, भाताची दुसरी वाढ सोडा. कंबर मोजा: पुरुषांची ९० सेंटीमीटरपुढे, बायकांची ८०पुढे गेली, की साखर आणि रक्तदाब तपासून घ्या. प्राथमिक आरोग्य केंद्रात हे होतं.