तिकडे कुलूप, इकडे गिलोटिन

प्रश्न : ऑक्टोबर २०२५ मध्ये आम्ही दोघं मुलाकडे अमेरिकेत होतो. वॉशिंग्टनची म्युझियम बघायची म्हणून पहाटे उठून मेथीचे ठेपले बांधून घेतले, पोचलो तर दार बंद आणि काचेवर कागद, सरकारला पैसे नाहीत म्हणून बंद. मुलगा म्हणाला बजेटवरनं दोन पक्षांचं वाजलंय. आपल्याकडे संसदेत एवढी आरडाओरड होते पण पोस्ट ऑफिस काही बंद पडत नाही. मग आपलीच पद्धत शहाणी ना? (एक आजोबा, कोथरूड)

उत्तर : आजोबा, ठेपले शेवटी कुठे बसून खाल्लेत ते लिहिलं नाहीत!

तिकडे आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं, त्याआधी खर्चाची बारा बिलं पास व्हायला हवीत, ती वेळेत होतच नाहीत म्हटलं तरी चालेल, मग तात्पुरतं बिल आणून गाडी ढकलायची. तेही अडलं की कायद्याने खर्चच करता येत नाही. यावेळी हाऊसमध्ये, म्हणजे खालच्या सभागृहात, ते झालं, पण सीनेटमध्ये, वरच्या सभागृहात, असं बिल पुढे सरकायला शंभरात ६० मतं लागतात आणि रिपब्लिकनांकडे होती ५३. म्हणजे ट्रम्प अध्यक्ष, दोन्ही सभागृहं त्यांच्या पक्षाची, तरी डेमोक्रॅट्सशिवाय पान हलेना. डेमोक्रॅट्स म्हणाले, ओबामाकेअरच्या, म्हणजे ओबामांच्या काळातल्या कायद्याने मिळणाऱ्या आरोग्य विम्यावरची वाढीव सबसिडी डिसेंबरअखेर संपतेय ती आधी वाढवा, रिपब्लिकन म्हणाले आधी सरकार उघडू मग बोलू. चौदा वेळा ते बिल आपटलं. विमानतळावर तुमच्या बॅगा तपासणारी माणसं तेव्हा बिनपगारी उभी होती (खासदारांचा पगार चालूच, ते सोडा). ४३ दिवसांनी, १२ नोव्हेंबरला संपलं. त्याआधीचा रेकॉर्ड ३५ दिवसांचा, २०१८-१९ मधला, तेव्हा भांडण मेक्सिकोच्या भिंतीच्या पैशांवरनं होतं.

संपलं कसं, तर विरोधी बाजूचे आठ सीनेटर पक्षाचं न ऐकता पलीकडे मत देऊन मोकळे झाले. सबसिडीवर मतदान घेऊ एवढा शब्द तेवढा मिळाला.

आता आपल्याकडे बघा. इथे व्हिप, म्हणजे पक्षाचा मतदानाचा आदेश, मोडून असं मत दिलं तर १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यात खासदारकीच जायची. मुळात लोकसभेत बहुमत ज्याचं त्याचंच सरकार, खर्चाच्या मागण्यांवर (खात्याखात्याला लागणाऱ्या पैशांच्या मंजुरीवर) हरलं तर सरकारलाच घरी जावं लागतं, त्यामुळे हरत नाही. राज्यसभेने मनी बिल, म्हणजे पैशांचं विधेयक, फार तर १४ दिवस धरून ठेवायचं. निवडणुकीचं वर्ष असलं तर लेखानुदान, म्हणजे तात्पुरत्या खर्चाची मंजुरी, घेऊन दोन-चार महिने काढायचे. कुलूप लागणार कुठून?

पण म्हणून शहाणी म्हणू का? मला नाही वाटत. २३ मार्च २०२३ आठवा. विरोधक अदानी प्रकरणात जेपीसी, म्हणजे संयुक्त संसदीय समितीची चौकशी, मागतायत, सत्ताधारी राहुल गांधींनी माफी मागावी म्हणून ओरडतायत, आणि त्या गोंधळात सुमारे ४५ लाख कोटींच्या खर्चाच्या मागण्या चर्चेविना काही मिनिटांत मंजूर. गिलोटिन म्हणतात त्याला, उरलेल्या सगळ्या मागण्या एकदम मताला टाकायच्या. २०१८ लाही असंच झालं होतं. तिकडे भांडण बजेटवर होतं, आपल्याकडे भांडणाच्या आवाजात बजेट उरकून घेतात.

आमच्या सिंहगड रोडच्या सोसायटीत मी दोन्ही पाहिलंय. एका वर्षी सेक्रेटरी आणि खजिनदार दोन गटांचे, पार्किंगच्या वादापायी खजिनदार लिफ्टच्या वार्षिक देखभालीच्या (एएमसी) चेकवर सही करेनात. लिफ्ट अकरा दिवस बंद, चौथ्या मजल्यावरच्या काकू प्रत्येक मजल्यावर पिशवी टेकवत वर जायच्या आणि जाताना दोन्ही गटांचा उद्धार करायच्या. पुढच्या वर्षी कमिटी एकाच गटाची आली, एजीएममध्ये वडापाव यायच्या आत सगळं मंजूर, मंजूर, मंजूर. लिफ्ट मस्त चालू. रंगकामाचा आकडा दुप्पट का झाला ते दिवाळीनंतर कुणीतरी विचारलं, तर उत्तर आलं तुम्हीच मंजूर केलंय, मिनिट्स बघा. मी बघितले, खाली माझीच सही.

पुढच्या खेपेला ऑगस्टमध्येच जाऊन या, सप्टेंबर संपत आला की तिकडे परत तारीख जवळ येते.