मोठ्या अल्सरच्या शस्त्रक्रियेनंतर

प्रश्न : माझे वडील ६२ वर्षांचे आहेत. गुडघेदुखीसाठी ते अनेक वर्षे दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून घेत असत. जठरात साडेतीन सेंटीमीटरचा अल्सर निघाला. तीन महिने औषधे घेऊनही तो भरला नाही, पुन्हा रक्तस्राव झाला, म्हणून जठराचा खालचा भाग काढावा लागला. त्याला महिना झाला. ताकद यावी म्हणून आई सकाळी शिरा आणि पेलाभर गोड दूध देते. पण वीस मिनिटांतच त्यांना दरदरून घाम येतो, छाती धडधडते. शस्त्रक्रिया चुकली असेल का?

उत्तर : या वर्णनावरून तसे वाटत नाही. जठराच्या टोकाची झडप अन्न थोडे थोडे आतड्यात सोडते. ती काढल्यावर शिरा आणि दूध एकदम आतड्यात उतरते, तिथली साखर रक्तातले पाणी ओढून घेते आणि घाम, धडधड सुरू होते. याला डंपिंग म्हणतात. आईंची माया समजते, पण शिरा आणि गोड दूध तूर्त बंदच करावे. मऊ भात-वरण, उपमा, उकडलेले अंडे असे थोडे थोडे दिवसातून पाच-सहा वेळा द्यावे. पाणी, चहा, ताक जेवणासोबत न देता अर्ध्या तासाच्या अंतराने द्यावे. बहुतेकांचा त्रास काही महिन्यांत ओसरतो.

मला अधिक काळजी वाटते ती मूळ कारणाची. तीन सेंटीमीटरपेक्षा मोठ्या व्रणात कर्करोग लपलेला असू शकतो, म्हणून काढलेल्या भागाचा पॅथॉलॉजीचा अहवाल तुम्ही स्वतः मागून घ्या आणि सर्जनकडून समजून घ्या. अल्सर होण्यास कारण ठरणाऱ्या हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूची तपासणी झाली का, हेही विचारा. या जंतूच्या शोधासाठी मार्शल आणि वॉरेन यांना २००५ मध्ये नोबेल मिळाले, तरी आपल्याकडे अजून सारा दोष तिखटालाच दिला जातो. जंतू आढळल्यास प्रतिजैविकांचा कोर्स पुरा करावा आणि तो संपल्यावर किमान चार आठवड्यांनी पुन्हा तपासणी करावी. गुडघ्यांसाठी त्या जुन्या गोळ्या पुन्हा घेऊ नयेत. मात्र हृदयविकारासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये. तंबाखू, मिश्री, विडी पूर्ण सोडावी. जठर कमी झाल्याने लोह आणि बी-१२ यांची कमतरता पुढे वर्षांनीही उद्भवते, तेव्हा दरवर्षी रक्त तपासून घ्यावे.

लोहाच्या गोळ्यांनीही शौचाचा रंग काळा होतो; पण शौच डांबरासारखी चिकट आणि उग्र वासाची असेल, रक्ताची उलटी झाली किंवा पोट अचानक असह्य दुखू लागले, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.