वाचकांचे प्रश्न : काचघरातला प्राणवायू गेला कुठे?

प्रश्न : अमेरिकेतील ‘बायोस्फिअर 2’ या बंदिस्त काचघरात आठ माणसे दोन वर्षे राहिली, मात्र प्राणवायू कमी पडल्यामुळे तो मध्येच बाहेरून द्यावा लागला, असे वाचनात आले. आत एवढी झाडे असताना प्राणवायू कमी का पडावा? आणि मग हा प्रयोग फसला असेच म्हणायचे का? (एक निवृत्त शिक्षक, सातारा)

उत्तर : अ‍ॅरिझोना राज्यातील ओरॅकल या गावाजवळ 1.27 हेक्टर जागेवर हे काचघर उभे आहे. पृथ्वीचे जीवावरण पहिले आणि हे दुसरे, म्हणून नावात 2 हा आकडा आला. वर्षावन, गवताळ प्रदेश, वाळवंट, खारफुटी, प्रवाळासह एक छोटा समुद्र आणि आठ जणांचे पोट भरेल अशी शेती, एवढा पसारा एका छताखाली मांडून 26 सप्टेंबर 1991 रोजी दारे बंद करण्यात आली. सूर्यप्रकाश आणि वीज बाहेरून येत होती. हवा, पाणी आणि अन्न मात्र आतल्या आतच फिरावे, अशी अपेक्षा होती.

हवेतील प्राणवायूचे प्रमाण सुरुवातीला 20.9 टक्के होते. सोळा महिन्यांत ते 14.5 टक्क्यांच्या आसपास आले, म्हणजे समुद्रसपाटीपासून सुमारे 4000 मीटर उंचीवर श्वास घ्यावा तशी आतल्या माणसांची अवस्था झाली, आणि जानेवारी 1993 मध्ये प्राणवायू आत सोडावा लागला. याचे पहिले कारण मातीत होते. पिके वर्षानुवर्षे जोमाने यावीत म्हणून आतील माती सेंद्रिय द्रव्याने मुद्दाम समृद्ध केलेली होती. ते द्रव्य कुजवणारे जिवाणू प्राणवायू वापरत होते, आणि कोवळ्या झाडांना तो त्या वेगाने परत करणे शक्य नव्हते. त्यात काच आणि पोलादी सांगाड्यामुळे प्रकाशही बराच अडत होता.

परंतु एवढ्याने हिशेब जुळत नव्हता, आणि खरी गंमत इथेच आहे. जिवाणूंनी प्राणवायू वापरला तर साधारण तेवढाच कार्बन डायऑक्साइड हवेत यायला हवा. प्राणवायू सहा टक्क्यांहून अधिक घटला, म्हणजे दहा लाख भागांत साठ हजारांहून अधिक भाग. कार्बन डायऑक्साइड मात्र काही हजार भागांच्या पलीकडे गेला नाही. मग उरलेला कुठे गेला? शोध घेता घेता संशोधक भिंतींपर्यंत पोहोचले. आतील उघड्या काँक्रीटचे नमुने तपासले, तेव्हा बाहेरच्या काँक्रीटपेक्षा त्यात कितीतरी अधिक कार्बन सापडला. काँक्रीटमधील चुन्याने कार्बन डायऑक्साइड शोषून घेतला होता आणि त्याचे कॅल्शियम कार्बोनेट झाले होते. आपण शाळेत चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर घालून ती दुधाळ झालेली पाहतो, तीच ही क्रिया. त्या कार्बन डायऑक्साइडबरोबर त्यातील प्राणवायूही भिंतीत कायमचा अडकला. झाडांच्या वाट्याला तो वायू आलाच नाही, मग ती प्राणवायू परत करणार कशातून?

प्रयोग फसला का, याचे उत्तर आपण त्याच्याकडून काय मागतो यावर अवलंबून आहे. दुसऱ्या ग्रहावरच्या वस्तीची रंगीत तालीम म्हणून पाहिले तर तो फसलाच. परागीभवन करणारे कीटक मेले आणि एका जातीच्या मुंग्यांनी जागोजागी कब्जा केला. तथापि जमाखर्चाची वही म्हणून पाहिले, तर एवढी काटेकोर वही क्वचितच कुणी लिहिली असेल. उघड्या रानात असा वायू हरवला असता तर कुणाच्या लक्षातही आले नसते. पुढे आतील छोट्या समुद्रात पाण्याचे रसायन बदलून पाहण्यात आले आणि पाण्यातील कार्बोनेटचे प्रमाण घटले की प्रवाळाचा सांगाडा सावकाश वाढतो, हे दिसून आले. 2007 पासून अ‍ॅरिझोना विद्यापीठ तेथे संशोधन चालवते आणि सामान्य प्रेक्षकांनाही आतून फिरून पाहता येते. त्यांनी चुकवू नये अशी जागा म्हणजे त्याची ‘फुप्फुसे’. उन्हाने आतली हवा फुगते. तिला जायला जागा नसेल तर काचा फुटतील. म्हणून बोगद्यांनी जोडलेल्या दोन घुमटांत रबरी पडद्यावर एक अवजड धातूची तबकडी टांगलेली आहे. हवा फुगली की ती वर चढते, थंडावली की खाली बसते.

प्रश्न : वर्गात मुलांसाठी बंद बरणीतील बाग करायची आहे. मागच्या वेळी आठवड्यातच सगळीकडे बुरशी आली. काय चुकले असावे? (एक शिक्षिका, रत्नागिरी)

उत्तर : बहुधा तेच, जे अ‍ॅरिझोनात चुकले. बरणीत भरपूर शेणखत घातले असणार, आणि पाणीही सढळ हाताने. बंद भांड्यात खत म्हणजे बुरशीला आणि जिवाणूंना मेजवानीच. तळाशी खडे, त्यावर कोळशाचे थोडे तुकडे आणि वर साधी, खत न घातलेली माती घ्यावी. पाणी इतकेच की सकाळी काचेवर दव दिसावे आणि दुपारपर्यंत बरेचसे विरावे. नेचे आणि शेवाळ यांना ही कोंडी मानवते. लंडनमधील डॉक्टर नॅथॅनिएल वॉर्ड यांना 1829 च्या सुमारास बंद बाटलीत आपोआप उगवलेले नेचेच दिसले होते. त्यावरून बनवलेल्या काचपेट्यांतूनच पुढे चीनमधील चहाची रोपे समुद्रमार्गे हिंदुस्थानात पोहोचली. बरणी उजेडात ठेवावी, पण थेट उन्हात नको, अन्यथा आतली रोपे अक्षरशः शिजतात.

झाकण लावल्यावर मुलांना एक काम द्यावे : दर सोमवारी बरणी त्याच काट्यावर तोलून वजन फळ्यावर लिहायचे. नेचा वाढेल, नवी पाने फुटतील, पण आकडा जागचा हलता कामा नये. हललाच, तर झाकणाच्या कडेला मेण लावून घ्यावे.