‘सैराट केलं’ म्हणजे काय केलं?

प्रश्न असा आलाय: जातीबाहेर लग्न केलेल्या मुलीबद्दल लोक ‘तिने सैराट केलं’ म्हणतात. हा प्रयोग बरोबर आहे का, आणि शब्द सिनेमामुळेच आला का?

‘सैराट’ सिनेमा २०१६चा. शब्द त्याच्या कितीतरी आधीचा. दावं तोडून उधळलेल्या जनावराला सैराटच म्हणत.

मला त्याहून जास्त खुपतो तो बातम्यांतला सैराट. प्रेमिकांचा जातीपायी खून झाला की मथळा तयार: ‘सैराटची पुनरावृत्ती’. म्हणजे शब्द मेलेल्यांचा आणि चिकटवला मारणाऱ्यांच्या कृत्याला! त्या सिनेमाचा शेवट आठवा. माहेरची माणसं भेटवस्तू घेऊन येतात, नायिका आर्ची चहा करते, आणि मग तिचा आणि नवऱ्याचा खून. सगळं बेतून, शांत डोक्याने. यात सैराट कुठे आलं?

आता मजेचा भाग. काही हौशी मंडळी सैराटला ‘सैरसपाटा’तल्या अरबी ‘सैर’शी जोडतात. अहो, सैरसपाट्याला गेलेला माणूस संध्याकाळी जेवायला घरी येतो! हा ‘सैर’ म्हणजे आपला ‘स्वैर’, सैरावैरा आणि सैरभैर यांचा भाऊबंद. स्व अधिक ईर. ईर् म्हणजे हलणं, जाणं. ‘समीर’मध्ये वाहतो तो हाच. पण संधी बघा. अ आणि ई मिळून ए होतो, हे शाळकरी पोरही सांगेल, म्हणजे रूप ‘स्वेर’ व्हायला हवं. होतं मात्र ‘स्वैर’! या शब्दासाठी कात्यायन या वैयाकरणाला पाणिनीच्या नियमाला पुरवणी जोडावी लागली: ‘स्वादीरेरिणोः’, म्हणजे ‘स्व’पुढे ईर, ईरिन् आले की ऐ. मनमानीचा अर्थ सांगणारा शब्द स्वतःच व्याकरणाचं कुंपण मोडून बाहेर पडलाय. याहून सुंदर व्युत्पत्ती मला दाखवा.

शेपटीचा ‘आट’ म्हणजे ‘पर्यटन’मधला अट् धातू, असं म्हणण्याचा मोह मलाही झाला होता. पण मग मोकाट, पिसाट, सुसाट, भन्नाट यांचं काय करणार? माझ्या मते हा वेसण सुटल्याचा खास मराठी प्रत्यय आहे. पटत नसेल त्यांनी वेगळी उपपत्ती द्यावी, नुसती मान हलवू नये.

अट् वरून आठवलं. अमरकोशात, म्हणजे संस्कृतच्या जुन्या शब्दकोशात, स्वैरिणी, कुलटा, इत्वरी या बदफैली बाईच्या नावांच्या एकाच रांगेत बसवल्यात. स्वैरिणीत ईर्, कुलटेत अट्, इत्वरीत इ, तिन्ही धातू जाण्याचे. बाई स्वतःच्या मर्जीने चालली की झाली शिवी. पुरुष चालला तर यात्रेकरू. आर्ची बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते, हे त्या रांगेशेजारी ठेवून पाहा. तिचा पहिला गुन्हा कोळ्याच्या पोरावरचं प्रेम नव्हे, तिचं चालणं.

जुन्या हिंदी सिनेमाने १९३६मध्ये नायिकेवरून नाव घेतलं ‘अछूत कन्या’, म्हणजे शीर्षकातच तिची जात. मराठीने ऐंशी वर्षांनी शीर्षकासाठी जात नव्हे, गतीचा शब्द उचलला. म्हणूनच हा शब्द जातीचा शिक्का म्हणून वापरलेला मला सोसत नाही.

हां, मूळ प्रश्न. सैराट ‘करत’ नाहीत, सैराट ‘होतात’. आणि त्या मुलीने रजिस्टर लग्न करून, दोघांच्या पगारात घर चालवलं असेल, तर ती सैराटही नाही. तिने लग्न केलं, एवढंच म्हणा.