जुन्या नकाशाची तारीख

प्रिय मुली, अनेक आशीर्वाद.

वेस्टर्न कोलफील्ड्समध्ये तुझी निवड झाली आणि पहिलीच नेमणूक भूमिगत खाणीवर मिळाली, हे वाचून मनापासून आनंद झाला. १९५२ च्या खाण कायद्याने स्त्रियांना जमिनीखाली काम करण्यास केलेली मनाई २०१९ मध्ये अटींसह शिथिल झाली नसती, तर हे पत्र लिहिण्याचा योग आला नसता.

नागपुरात मुख्यालय असलेली ही कंपनी कोल इंडियाची उपकंपनी आहे आणि तिच्या खाणी नागपूर, चंद्रपूर, यवतमाळपासून मध्य प्रदेशातील छिंदवाडा, बैतुलपर्यंत पसरल्या आहेत. तिचा बहुतेक कोळसा आता खुल्या खाणींतून निघतो. भूमिगत भागात मात्र १९७३ च्या राष्ट्रीयीकरणापूर्वीच्या खासगी मालकांनी खोदून सोडून दिलेले जुने वर्किंग, म्हणजे कोळसा काढून झालेली पोकळी, शेजारी किंवा डोक्यावर असू शकते आणि त्यात वर्षानुवर्षे पाणी साठलेले असते. म्हणून पहिल्या महिन्यात यंत्रांआधी सर्व्हे ऑफिसमधील नकाशांना वेळ दे.

छिंदवाडा जिल्ह्यात परासियाजवळच्या न्यूटन चिखली खाणीत १० डिसेंबर १९५४ रोजी पाणी घुसून साठाहून अधिक कामगार मृत्युमुखी पडले. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळच्या चासनाला खाणीत साठलेले पाणी फुटून आत आले आणि तीनशे सत्तरहून अधिक माणसे गेली. ती खाण तर तेव्हा सरकारी ताब्यात होती. सोडलेल्या वर्किंगपासून ६० मीटरच्या आत लेखी परवानगीशिवाय पुढे सरकू नये, असा नियम आहे. पण हे ६० मीटर मोजायचे ते नकाशावरच्या रेषेपासून, आणि ती रेषा शेवटच्या मोजणीनंतर मालकाने आणखी किती कोळसा काढला हे सांगत नाही. त्यामुळे प्रत्येक जुन्या नकाशावर मोजणीची तारीख आणि खाण बंद झाल्याची तारीख यांत किती अंतर आहे ते आधी पाहा, आणि त्या भागात काम केलेले कोणी निवृत्त कामगार गावात असतील तर त्यांच्या घरी जाऊन विचार.

मी नवखा असताना एका खाणीत फेसवर, म्हणजे कोळसा खोदला जातो त्या समोरच्या भिंतीवर, ओल दिसली. पावसाळा होता, वरून झिरपत असेल असे समजून मी ती नोंदवलीही नाही. पाळीतल्या ज्येष्ठ सिरदारांनी, म्हणजे कामगारांच्या सुरक्षेवर देखरेख करणाऱ्या पर्यवेक्षकांनी, ते पाणी बोटावर घेऊन हुंगले. त्याला सडक्या अंड्यासारखा वास होता, म्हणजे पाणी कोठेतरी दीर्घकाळ कोंडलेले होते. त्यांनी मला न विचारता माणसे मागे घेतली. नंतर फेसच्या पलीकडे पाणी आहे का हे पाहण्यासाठी चाचणीची भोके पाडली, तेव्हा तिसऱ्या भोकातून पाण्याची धार इतक्या जोराने आली की ते बुजवायला दोन माणसे लागली. मी त्या सिरदारांची क्षमा मागितली आणि त्यानंतर कोणतीही ओल नोंदवहीत लिहिल्याशिवाय वर आलो नाही.

मार्चअखेरीस उत्पादनाचे लक्ष्य गाठण्याची घाई असते आणि चाचणीच्या भोकांना लागणारा वेळ सर्वांनाच जड वाटतो. तेव्हा तू अडून राहिलीस तर वरिष्ठ नाराज होतील. तरीही भोके पूर्ण झाल्याशिवाय फेस पुढे नेण्यास सही देऊ नकोस, आणि नकार नेहमी लेखी दे.

रुजू झाल्यावर तुझ्या विभागालगतच्या सर्वांत जुन्या नकाशाची तारीख मला कळव.

तुझे काका