पहिल्या घोटाआधीचे अकरा दिवस

दारू सोडलेल्या माणसाच्या घरून येणारा एक फोन समुपदेशक म्हणून मला आता पहिल्याच वाक्यावरून ओळखता येतो. "मॅडम, परत प्यायले. सगळं मुसळ केरात." बोलणारी कधी बायको असते, कधी आई, कधी तो स्वतःच. महिने वेगळे, तीन, आठ, चौदा; सूर तोच. विचारायचं असतं ते वेगळंच: हा माणूस आता कधीच सुधारणार नाही का?

अशाच एका जोडप्याची ही हकिकत, ओळख पटू नये इतकी बदललेली. गृहस्थ पंचेचाळिशीचे. आठ महिने दारूला शिवले नव्हते. मग एका शनिवारी प्यायले आणि चार दिवस पीतच राहिले. डॉक्टरांच्या उपचारांनी शरीर ताळ्यावर आल्यावर दोघं माझ्यासमोर बसले.

"का प्यायलात?" असं मी विचारलं नाही. सुरुवातीची कित्येक वर्षं विचारायचे, आणि उत्तरं एकाहून एक पटण्यासारखी मिळायची. साहेब बोलले, भाऊ भांडला, झोप येईना. कारणं देण्यात व्यसनी माणसाचा हात कोणी धरणार नाही! म्हणून हल्ली मी मागे मागे जाते.

"शनिवारी कुठे गेला होतात?"

"मित्राकडे. ड्रिल मशीन आणायला. शेल्फ लावायचं होतं."

"ज्याच्याकडे पूर्वी बैठक व्हायची, तोच मित्र?"

"हो. पण प्यायला नव्हतो गेलो. शपथ घेऊन सांगतो."

"संध्याकाळी सातला गेलात. सकाळी का नाही?"

ते गप्प. बाई हळूच म्हणाल्या, "सकाळी तर हे मोकळेच होते."

मित्राचा नंबर त्यांनी दारू सोडतानाच खोडला होता. मग तो पुन्हा मिळवला कधी? हे निघायला आणखी दोन भेटी गेल्या. त्या शनिवारच्या आधीच्या आठवड्यातल्या मंगळवारी, रात्री. त्या दिवशी ते उशिरा, दमून, उपाशी घरी आले होते. बाईंनी नेहमीप्रमाणे दारातच जवळ येऊन तोंडाचा वास घेतला. ते काही बोलले नाहीत, न जेवता झोपायला गेले. आणि पडल्या पडल्या तिसऱ्याच एका माणसाकडे नंबर मागितला. "सहजच."

बराच वेळ खोलीत कोणी बोललं नाही. मग तेच म्हणाले, "म्हणजे मी प्यायलो शनिवारी. पण घरातून निघालो होतो मंगळवारीच."

इतक्या वर्षांत मला हे इतकं नेमकं मांडता आलं नव्हतं. ॲलन मार्लट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९८० च्या दशकात नेमकं यावरच बोट ठेवलं होतं: वरवर निरुपद्रवी दिसणारे छोटे निर्णय माणसाला पेल्यापर्यंत नेऊन सोडतात, आणि प्रत्येक निर्णयाला चोख सबब असते.

बाईंचे डोळे भरले. "म्हणजे माझ्यामुळे?" नाही. वास घेणं ही त्यांची भीती होती. अपमान गिळून नंबर मागणं हा यांचा निर्णय. दोन्हींची गल्लत करू नये.

उरले ते चार दिवस. "पहिल्या पेल्यानंतर स्वतःला काय म्हणालात?" "गेलंच सगळं. आता थांबून काय मिळवायचंय?" मी अल्बर्ट एलिस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या पंथातली आहे, लपवत नाही. घटनेपेक्षा तिच्याविषयीची आपली समजूत माणसाला जास्त बुडवते, हे तो १९५५ पासून सांगत होता. पहिला पेला ही घसरण. पुढचे चार दिवस त्या एका वाक्याचे. आठ महिन्यांत जमलेलं काही त्या पेल्यानं पुसलं जात नाही. मात्र तोल गेल्याचं त्याच दिवशी कोणाला तरी सांगता आलं पाहिजे. कोणाला, हे आधीच ठरलेलं हवं.

तलफ लाटेसारखी चढते आणि प्यायलं नाही तरी ओसरते, बहुधा अर्ध्या तासाच्या आत. तेवढ्यात खाऊन घ्यावं, जागा बदलावी, फोन लावावा. भूक, राग, एकटेपण, थकवा, यांतलं एक जरी असलं तरी सावध. त्या मंगळवारी यांच्याकडे चारही होती. घरच्यांनी हुंगू नये. शंका आली तर दिवसाउजेडी, शांतपणे सरळ विचारावं. आणि अनेक दिवस सलग पिणं झालं असेल, तर ते घरच्या घरी एकदम बंद करायला लावू नये. झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जिवावर बेतू शकतं. आधी डॉक्टर, समुपदेशन नंतर. दारू सोडलेल्यांच्या गटाच्या सभेला "आता मी बरा आहे" म्हणून दांडी मारणारा मला पुन्हा प्यायलेल्या माणसापेक्षा जास्त काळजीत टाकतो.

परवा दोघं येऊन गेले. ड्रिल मशीन त्या मित्राकडेच आहे. आणायचं नाही, असं ठरलंय. शेल्फ अजून भिंतीला टेकून उभं आहे म्हणे.