पुण्यात नवी वसाहत आखतोय. लोकांनी पायी फिरावं आणि सुरक्षितही राहावं, तर उंच कंपाउंड भिंत हवी का?

नको, कमरेएवढी भिंत, वर जाळी आणि रस्त्याकडे तोंड करून दुकानं नि बाल्कन्या ठेवल्यात तर जास्त उपयोग होईल. उंच भिंतीमागून बाहेरचं काही दिसत नाही, त्यामुळे तिच्या कडेचा फुटपाथ अंधार पडला की ओस पडतो. जुन्या पेठांत खाली दुकान, वर बिऱ्हाड. रात्री उशिरापर्यंत कुणाची ना कुणाची नजर रस्त्यावर असतेच. फुटपाथला इंडियन रोड्स काँग्रेस या रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या संस्थेच्या १०३ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेप्रमाणे किमान १.८ मीटर मोकळी रुंदी लागते. ती विजेचे डीपी बॉक्स, झाडं, पाट्या वगळून मोजा, कारण नकाशावर रुंद दिसणारा फुटपाथ प्रत्यक्षात इथेच आक्रसतो. शिवाय:

- फुटपाथच्या कडेचा दगड १५० मिलिमीटरपेक्षा उंच नको, नाहीतर आजी-आजोबा रस्त्यावरूनच चालतात.
- दिव्याचे खांब झाडांच्या फांद्यांत अडकणार नाहीत एवढे बुटके ठेवा.

फक्त आतले रस्ते गाड्यांना बंद करताना अग्निशमन बंबाची वाट अडवू नका. उंच इमारतींभोवती त्यासाठी ६ मीटर जागा सोडावी लागते, म्हणून तिथले अडथळ्याचे खांब काढता येतील असेच बसवा.